टीओडी स्मार्ट मीटर: मीटर पळतो की वायरिंग गळतं?

महावितरणचा टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे वापर कोणत्या वेळी झाला तेही नोंदवणारा) स्मार्ट मीटर बसला आणि पुढचं बिल फुगून आलं, की ‘मीटर पळतोय’ ही तक्रार ठरलेली. सिंगल फेज घरगुती जोडणीपुरतं बोलायचं तर हा मीटर मोजायला चांगला आहे. आयएस 16444 मानकातल्या क्लास 1 मीटरची चूक नेहमीच्या भारावर 1 टक्क्याच्या आत असावी लागते. महिन्याला 300 युनिट वापरणाऱ्या घरात हा फरक 3 युनिटचा. बिलात 60-70 युनिटची उडी असेल, तर कारण बहुतेक वेळा मीटरच्या डबीबाहेर सापडतं.

जुना चकतीचा मीटर वर्षानुवर्षं चालला की त्याचं बेअरिंग झिजतं, चकती जड होते आणि मीटर मागे पडतो. अगदी लहान भारावर तर चकती हलतसुद्धा नाही. सेट-टॉप बॉक्स, राउटर आणि स्टँडबायवरचा टीव्ही मिळून 20 वॅट धरले, तरी महिन्याचे 14.4 युनिट होतात. नवा मीटर ते सगळे मोजतो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. हा मीटर फेज (वीज आणणारी) आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी) अशा दोन्ही तारांतला प्रवाह मोजतो, आणि ज्या तारेत प्रवाह जास्त, त्यावर युनिट लावतो. चोरी पकडायला हे ठीक आहे, पण जुन्या इमारतींत दोन घरांचा न्यूट्रल कुठेतरी एकत्र झालेला असतो. शेजाऱ्याचा प्रवाह तुमच्या न्यूट्रलवरून परतला, तर तो तुमच्या नावावर चढतो. इथे मीटर अचूकच असतो, तरी बिल चुकतं. तक्रार मीटरची केली की तपासणीत मीटर बरोबर निघतो आणि ग्राहक हात चोळत बसतो.

म्हणून अर्ज करण्याआधी घरीच बघा. मेन स्विच बंद करा आणि मीटरवरचा लुकलुकणारा दिवा पाच मिनिटं पाहा. तो पूर्ण थांबला पाहिजे. थांबला नाही, तर मीटररूममध्ये वायरींची अदलाबदल झाली आहे आणि शेजारच्या फ्लॅटची वायर तुमच्या मीटरवर आहे, असं असू शकतं. एकाच वेळी अनेक मीटर बदलताना ही चूक सहज होते. किंवा मेनच्या आधीच कुणीतरी जिन्यातला दिवा वा पंप जोडलेला असतो. मेन एकाच पोलचा, म्हणजे एकच तार तोडणारा असेल, तर फेज तुटून न्यूट्रल जोडलेलाच राहतो आणि वर सांगितलेला शेजाऱ्याचा प्रवाह चालूच राहतो. तिथे दोन्ही तारा तोडणारा डबल पोल मेन बसवून घ्या आणि न्यूट्रल वेगळा करून घ्या. हे काम परवानाधारक वायरमनचं आहे.

दिवा थांबला, तर आता सगळे एमसीबी (प्रत्येक लाइनचे छोटे सुरक्षा स्विच) पाडून मेन चालू करा आणि एकेक एमसीबी चढवत जा. त्या लाइनवरची सगळी उपकरणं बंद असूनही दिवा लुकलुकायला लागला, की गळती तिथेच आहे. ओल्या भिंतीतला बोर्ड किंवा पाण्याचा पंप हे नेहमीचे गुन्हेगार. 100 मिलिअँपिअरची सतत गळती म्हणजे सुमारे 23 वॅट, महिन्याला साडेसोळा युनिट. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असता तर तो केव्हाच पडला असता. नसेल तर बसवाच, बिलापेक्षा जिवासाठी.

आता मीटरचीच परीक्षा. फक्त गीझर चालू ठेवा, पाणी गार असू द्या, म्हणजे थर्मोस्टॅट मध्येच तोडणार नाही. मीटरवर ‘3200 इम्प/केडब्ल्यूएच’ असं छापलं असेल, म्हणजे एका युनिटला दिव्याचे 3200 पल्स (लुकलुक), तर 2000 वॅटला 100 पल्स व्हायला 56 सेकंद लागतात. आकडा वेगळा असेल तर त्या हिशेबाने मोजा. इथे बरेच जण फसतात: गीझरवरचे 2000 वॅट साधारण 230 व्होल्टला धरलेले असतात. घरात 215 व्होल्ट येत असतील, तर तोच गीझर सुमारे 1750 वॅट घेतो आणि 100 पल्सना 64 सेकंद लागतात. मीटरचं बटण दाबून आधी व्होल्टेज वाचा. या चाचणीत 10 टक्क्यांचा घोळ कळतो. 1 टक्का कळायला प्रयोगशाळाच लागते.

टीओडी मीटरचा फायदा किती? 1 जुलै 2025 पासूनच्या दरात घरगुती ग्राहकाला सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागे सुरुवातीला 80 पैसे सवलत होती. त्या हिशेबाने महिन्यात या वेळेतले 80 युनिट असतील तर 64 रुपये. वॉशिंग मशीन, इस्त्री, पंप 9 नंतर लावलेत तर थोडे अधिक. नोकरीमुळे दिवसभर बंद असणाऱ्या घराला यातून फारसं मिळत नाही, ज्येष्ठ नागरिकांच्या घराला मिळतं. खरी कमाई वेगळीच आहे: सरासरीवर काढलेली बिलं थांबतात आणि वापर किती वाजता झाला याची नोंद हातात येते. रात्री 2 ते 4 मध्ये घर किती घेतं ते महावितरणच्या ॲपमध्ये बघा. फ्रिज सोडून काही दिसलं तर शोधा. नेटवर्क नसलेल्या तळघरात ॲपचे आकडे उशिरा येतात, त्याने बिल बिघडत नाही. ताळा मात्र मीटरच्या डिस्प्लेशीच घाला.

तरीही शंका उरली, तर लेखी अर्ज करून चेक मीटर (पडताळणीसाठी लावायचा जादा मीटर) मागा. 2024 च्या केंद्रीय सुधारणा नियमांनुसार तक्रारीनंतर 5 दिवसांत तो बसवायचा आहे आणि किमान 3 महिने त्यावर पडताळणी करायची आहे. टाळाटाळ झाली तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. मीटर अजून बदलायचा असेल, तर त्या दिवशी घरी थांबा: जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग, नव्याचा क्रमांक, सील आणि सुरुवातीचं रीडिंग यांचे फोटो काढा, आणि माणूस जायच्या आत मेन पाडून आपलाच दिवा थांबतो का ते बघून घ्या.