स्ट्रिक्ट टाइप्स आठ महिने वापरल्यावर, आणि त्या कंसातल्या इंटने घातलेला घोळ

आठ महिन्यांपूर्वी आमचं बिलिंगचं अ‍ॅप पीएचपी (वेबसाइटसाठीची प्रोग्रामिंग भाषा) ७.४ वरून ८.१ वर नेलं आणि त्याच धडाक्यात प्रत्येक फाइलच्या डोक्यावर स्ट्रिक्ट टाइप्सची ओळ टाकली, म्हणजे चुकीच्या प्रकारचा डेटा आला की पीएचपीने तो गुपचूप बदलून न घेता एरर द्यावा. लिहायचं मनात नव्हतं, पण गेल्या आठवड्यात एका बिलाची बेरीज ०.०१ ने कमी आली आणि दोन रात्री त्यात गेल्या, म्हणून लिहितोय.

पहिले काही दिवस नुसते टाइपएरर. इंट (पूर्णांक) हवा होता, स्ट्रिंग (मजकूर) मिळाली. बरोबरच आहे, फॉर्ममधून येणारा आकडा स्ट्रिंगच असतो. मग फ्लोर (आकडा खालच्या पूर्णांकावर आणणारं फंक्शन) वापरलं तिथेही एरर, कारण फ्लोर फ्लोट (दशांशाचा आकडा) परत देतं हे मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं. क्लायंट मागे लागलेला, म्हणून जिथे एरर तिथे पुढे कंसात इंट टाकत, म्हणजे जबरदस्तीने पूर्णांकात कास्ट करत सुटलो. एरर थांबले, वाटलं झालं काम.

तिथेच चुकलं. १९.९९ ला १०० ने गुणून कंसातल्या इंटने कास्ट केलं की १९९९ नाही, १९९८ येतात. आणि शोधताना मी काय करत होतो, तर गुणाकार एकोने (छापायची साधी कमांड) छापून बघत होतो, तो बिनदिक्कत १९९९ दाखवत होता! दुसऱ्या रात्री कधीतरी व्हार-डंप (आतली किंमत आणि तिचा प्रकार दाखवणारं फंक्शन) लावलं तेव्हा खरा आकडा दिसला, १९९८.९९९९९९९९९९९९८. एको १४ अंकांपर्यंत राउंड करून दाखवतो, व्हार-डंप आहे तसं दाखवतो, आणि कास्ट जवळच्या पूर्णांकात राउंड करत नाही तर अपूर्णांक सरळ कापतो. टाइपचा बग शोधताना एकोवर विश्वास ठेवू नका, कृपा करून.

मग सगळेच कास्ट तपासायला घेतले तर आणखी एक सापडला, फॉर्ममध्ये कुणी स्वल्पविराम देऊन १,२५० टाकलं की कास्टनंतर उरतो १. वॉर्निंग नाही, काही नाही. आपोआप होणाऱ्या रूपांतरात अपूर्णांक गळला तर ८.१ पासून डेप्रिकेटेडची (हे पुढे चालणार नाही अशी) सूचना तरी येते, पण हाताने इंट लिहिलं की तीही नाही, कारण पीएचपीच्या लेखी ते तुम्ही जाणूनबुजून केलंय. आणि मी तर नुसतं एरर गप्प करायला केलं होतं.

तीन महिन्यांपूर्वी कुणी विचारलं असतं तर म्हणालो असतो, स्ट्रिक्ट टाइप्सच्या नादी लागू नका, नुसता ताप आहे. आता मत बदललंय. तो एरर मला नेमकी जागा दाखवत होता, मीच त्याचं तोंड बंद केलं.

एक तक्रार मात्र कायम आहे. फंक्शनला पाठवलेल्या डेटासाठी ही ओळ ते फंक्शन जिथे लिहिलंय त्या फाइलमधली नाही, ते जिथून कॉल होतं त्या फाइलमधली लागू होते. आमच्या एका जुन्या टेम्पलेटमध्ये ती राहून गेली होती, तिथून "१२" ही स्ट्रिंग गेली तरी आत गुपचूप इंट होऊन पोचत होती आणि मी समजत होतो सगळं कडक आहे. हे पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. बाकी, ८.१ पासून मायएसक्यूएल डेटाबेससाठी पीडीओ (डेटाबेसशी बोलणारा पीएचपीचा भाग) पूर्णांक इंट म्हणूनच देतं, त्यामुळे तीन बरोबरच्या चिन्हांनी (म्हणजे प्रकारही तपासून) स्ट्रिंगशी केलेल्या तुलना मोडल्या, पण त्या अर्ध्या दिवसात निस्तरल्या.

आता फॉर्मचा आकडा फिल्टर-व्हार (आकडा तपासून देणारं फंक्शन) मधून घेतो, चुकीचा असेल तर फॉल्स मिळतो (शून्य हाही खरा आकडा आहे, तेव्हा फॉल्स तीन बरोबरनेच तपासा). रकमेला आधी राउंड, मगच कास्ट. रिपोर्टच्या फोल्डरमधले सदतीस कास्ट अजून बाकी आहेत, ते संपेपर्यंत पुढच्या व्हर्जनला हात लावणार नाही.