उपवासकाळातले ४६ दिवस आणि बटणांचा फोन

कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकर, घेतल्यानंतर चर्चमध्ये जी दोन-तीन मिनिटं शांतता असते, त्या वेळी माझा हात खिशात जायला लागला होता. फोन बाहेर काढायचो नाही, नुसता चाचपून बघायचो. मी रविवारी बायबलमधलं पहिलं वाचन वाचणारा माणूस, त्यामुळे हे माझं मलाच फार लागलं. मिस्सेत, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या उपासनेत, गप्प राहण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: पापकबुलीच्या वेळी, ‘आपण प्रार्थना करू या’ म्हटल्यावर, वाचनांनंतर, प्रवचनानंतर आणि कम्युनियननंतर. या प्रत्येक जागी माझ्या डोक्यात सकाळी पाहिलेला कुठला तरी व्हिडिओ चालू असायचा. म्हणून २०२५च्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या त्यागाच्या दिवसांत, बातम्या, व्हिडिओ, गाणी, पॉडकास्ट सगळं सोडायचं ठरवलं आणि ५ मार्चला, राखेच्या बुधवारी, म्हणजे या काळाच्या पहिल्या दिवशी, सिम काढून साध्या बटणांच्या फोनात घातलं. हे परीक्षण त्या फोनाचं.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या वर्गातले फोन सख्ख्या भावंडांसारखे असतात: दोन इंचांच्या आतला पडदा, काढता येणारी बॅटरी, टॉर्च, गजर, रेडिओ. घेण्याआधी एक गोष्ट मात्र नीट तपासा, तो फोरजीवर बोलू देतो का. अनेक देशांत टूजी आणि थ्रीजी बंद झालंय किंवा होत आलंय, तिथे जुन्या फोनवरून कॉल लागतच नाही. सिमची खाचही बघून घ्या. माझ्या फोनाची खाच जुन्या मोठ्या सिमची आणि सिम नॅनो, त्यामुळे प्लास्टिकच्या चौकटीत बसवून सरकवावं लागलं.

पहिल्या दिवशी या फोनाने घरात सगळ्यात जास्त आवाज केला. प्रत्येक बटणाला टुंग, फोन उघडताना सूर, बंद करताना सूर, बॅटरी उतरली की आणखी एक. सेटिंगमध्ये जाऊन एकेक बंद करायला अर्धा तास गेला. कॉलचा आवाज मोठा आणि स्वच्छ आहे, पण थरथर इतकी हलकी की खिशात कळत नाही. चार्जिंग पाच दिवस सहज टिकतं. मराठी टंकन अगदी कष्टाचं. एकाच बटणावर चार-पाच अक्षरं, त्यात काना-मात्रा वेगळ्या. ‘पोहोचलो, काळजी नको’ एवढं लिहायला मला दीड मिनिट लागलं. चौथ्या दिवसापासून मी लिहिणं सोडलं आणि लोकांना फोन करायला लागलो. बहिणीने पहिल्याच कॉलला घाबरून विचारलं, “दादा, सगळं ठीक आहे ना?” किती वर्षं आम्ही एकमेकांना नुसती चित्रंच पाठवत होतो, हे तेव्हा जाणवलं.

ज्यांना व्हॉट्सॲप कामासाठी लागतं त्यांच्यासाठी: ते संगणकावर चालतं, मी दिवसातून एकदा तिथेच पाहायचो. पण मूळ फोन चौदा दिवसांत एकदा तरी उघडावा लागतो, नाहीतर संगणकावरचं आपोआप बंद होतं. ओटीपी बटणांच्या फोनवर नीट येतात. काही बँकांची ॲप मात्र सिम त्याच फोनमध्ये नसेल तर चालत नाहीत, त्याची सोय आधी करून ठेवा.

मला खरी धास्ती होती ती रेडिओची. फोनमध्ये तो आहे, इअरफोन लावला की लगेच सुरू होतो आणि काढून टाकता येत नाही. पोप फ्रान्सिस यांचं एक बोलणं माझ्या मनात होतं. २६ फेब्रुवारी २०२०ला, राखेच्या बुधवारीच, त्यांनी सांगितलं होतं की हा काळ टीव्ही बंद करून बायबल उघडण्याचा, फोनपासून सुटून शुभवर्तमानाशी जोडलं जाण्याचा आहे. लहानपणी टीव्ही नव्हता, पण उपवासकाळात रेडिओ न ऐकण्याची रीत होती, असंही ते म्हणाले होते. म्हणून मी खोक्यात आलेला इअरफोन शेजारच्या मुलाला देऊन टाकला. तेवढं केल्यावर रेडिओचा प्रश्न मिटला.

एक चूक सांगायला हवी. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या पवित्र शनिवारपर्यंत दिवस ४६ होतात, त्यातले सहा रविवार वगळले की चाळीस. रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नाही, असं धरून पहिल्या रविवारी मिस्सेनंतर मी जुना फोन उघडला. रात्री साडेबारापर्यंत तो हातात होता. सोमवारी पुन्हा पहिल्या दिवसाइतकीच तगमग झाली. दुसऱ्या रविवारपासून मी सूट घेतली नाही. ज्यांना रविवारी सैल सोडून सोमवारी परत घट्ट धरता येतं त्यांनी जरूर घ्यावी, मला ते जमत नाही.

सगळ्यात अवघड गेलं ते पोपमहाराजांचं आजारपण. १४ फेब्रुवारीपासून ते रोमच्या जेमेल्ली रुग्णालयात होते, दोन्ही फुप्फुसांना न्यूमोनिया झाला होता. मी बातम्या सोडल्या त्या दिवशीही ते तिथेच होते. जुना फोन कपाटात, दहा पावलांवर. ‘ही बातमी थोडीच आहे, हे तर आपल्याच माणसाबद्दल आहे,’ असं मन सारखं समजावायचं. बातम्यांसाठी मी तो उघडला नाही. त्याऐवजी रोज रात्री त्यांच्यासाठी जपमाळ केली. आधीच्या आठवड्यांत मी त्यांच्याबद्दलच्या बातम्या दिवसातून दहा वेळा पाहत होतो आणि प्रार्थना एकदाही केली नव्हती. २३ मार्चला ते रुग्णालयातून बाहेर आले, ते मला दुसऱ्या दिवशी फोनवर बहिणीने सांगितलं. एक दिवस उशिरा कळल्याने काहीच बिघडलं नाही.

शांतता लगेच मिळाली का? नाही. पहिले दोन आठवडे डोक्यात जुन्या जाहिरातींच्या चाली वाजत होत्या. तिसऱ्या आठवड्यात त्या थांबल्या आणि वडिलांशी झालेलं एक भांडण वर आलं, ज्याच्यावर मी वर्षानुवर्षं आवाज रचत आलो होतो. तो आठवडा फार वाईट गेला. आठवड्याच्या शेवटी पापनिवेदनाला, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापं कबूल करायला, गेलो, तिथे ते पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं. बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट मी किती तरी वेळा वाचून दाखवली आहे: होरेब डोंगरावर आधी वादळ, मग भूकंप, मग अग्नी, आणि परमेश्वर त्यांत नसतो. तो येतो त्यानंतरच्या मंद वाणीत. वाचताना मी नेहमी त्या वाणीकडे घाईने जायचो. या वेळी कळलं की आधीचं सगळं एलीयाला सोसावं लागलं होतं.

हा फोन कोणी घ्यावा? ज्याचं मन ॲपवर वेळमर्यादा लावून ताब्यात येतं त्याला याची गरज नाही. मी त्या मर्यादा रोज एका बोटाने ओलांडायचो, म्हणून मला यंत्रच बदलावं लागलं. घरात आजारी किंवा दूर राहणारं कोणी असेल तर जवळच्या चार माणसांना आधी सांगून ठेवा की आता फक्त कॉल करा. पाचपैकी चार तारे. एक कापला तो रेडिओसाठी आणि त्या थरथरीसाठी.

ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी ग्लोरिया या स्तुतिगीतानंतर चर्चच्या घंटा थांबतात, त्या थेट ईस्टरच्या जागरणात ग्लोरियाच्या वेळी पुन्हा वाजतात. १९ एप्रिलच्या रात्री त्या वाजल्या तेव्हा मला दचकायला झालं आणि रडूही आलं. इतक्या वर्षांत मी त्या कधी अशा ऐकल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी जुना फोन परत घ्यायचा ठरलं होतं, पण पाहुण्यांच्या गडबडीत राहून गेलं. सोमवारी, २१ एप्रिलला, बहिणीचा फोन आला. “दादा, पोप गेले.” आदल्याच दिवशी त्यांनी सज्जात येऊन आशीर्वाद दिला होता. आम्ही दोघं बराच वेळ काहीच बोललो नाही. कॉल चालूच होता, तिचा श्वास ऐकू येत होता. मग तिने ‘स्वर्गीय पित्या’ सुरू केलं आणि मी तिच्याबरोबर म्हणत गेलो. जुना फोन मी बुधवारी परत घेतला.