मी उकळलेला तुकडा खरा होता

आधीच सांगते. मी शाळेत शिकवते, माझं आजोळ मेस्तांचं, म्हणजे सुतारांचं आहे, आणि तरीही इंटिरियरच्या नावाखाली मला ५,५९,५०० रुपयांना गंडवलं गेलं. 'एवढी शिकलेली बाई आणि...' असं म्हणायचं असेल तर रांगेत उभे राहा, पुढे माझे दोन दीर आहेत.

गोव्यात फोंडा तालुक्यात दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. गावचं घर भावकीच्या वादात कुलूपबंद, त्यामुळे चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, यापुढे फ्लॅटमध्येच होणार होती. सासूबाईंना एकच काळजी, गणपतीच्या डोक्यावर टांगायची माटोळी कुठे बांधणार? फ्लॅटच्या छताला ना वासा ना आडं. आणि माटोळी म्हणजे काही चार फुलांचं तोरण नव्हे. नारळांचा घड, सुपारीचे घोस, चिबूड, निरफणस, सगळं मिळून चांगलं वजन होतं.

इंटिरियर करणाऱ्या माणसाचं नाव लिहीत नाही. वकिलांनी बजावलंय. ९ फेब्रुवारी २०२५, रविवार. तो टॅब घेऊन आला, फ्लॅट मापला, फोटो काढले आणि आठवड्याने थ्रीडी चित्रं घेऊन हजर. खरं सांगू? मी हरखून गेले. खिडकीशी गोव्यातल्या जुन्या घरांसारखं बल्कांव, समोरासमोर दोन बैठका आणि बैठकीखाली सामान ठेवायला कप्पे. कपाटाच्या दारांना शिंपल्यांच्या खिडकीसारखी चौकट. ओट्यामागे निळ्या-पांढऱ्या, पोर्तुगीज वळणाच्या आझुलेजो टाइल्स. शू रॅकला वेताची जाळी. आणि हॉलच्या फॉल्स सीलिंगमध्ये लपलेला लाकडी सांगाडा, कप्पीने खाली उतरणारा. एरवी वर नुसतं छत दिसेल, चवथीला माटोळी खाली येईल. चित्रात चौरंगासमोर सासूबाईंची समईसुद्धा होती, आमच्याच घरात काढलेल्या फोटोतून उचललेली. तिची एक पाकळी वाकलेली आहे, तीही तशीच दिसत होती. सासूबाईंनी टॅबच्या काचेला बोट लावून बघितलं. तिथेच आमचा निकाल लागला.

"ताई, तुमचं घर म्हणजे माझा पोर्टफोलिओ," म्हणाला. हे वाक्य लक्षात ठेवा.

कोटेशन ५,९०,००० चं. त्यावर अठरा टक्के जीएसटी वेगळा. "बिल केलं तर एक लाख सहा हजार दोनशे सरकारला जातील ताई. नाही केलं तर तेवढ्यात दुसरा वॉर्डरोब निघेल." मी हो म्हटलं. होय, म्हटलं. गृहकर्जाचा हप्ता सुरू झालेला, नवऱ्याचा पगार खाजगी कंपनीतला, कोण नाही म्हणालं असतं? ज्यांनी आपल्या घरातल्या प्रत्येक कामाचं पक्कं बिल घेतलंय त्यांनी मला खुशाल शिव्या द्याव्यात. पण बिल नाही याचा अर्थ पुढे प्रत्येक टेबलासमोर आपण मुके. आणि लेटरहेडवर जीएसटी क्रमांक होताच की! त्याचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, गोव्याचे ३०. त्याचे होते २९, म्हणजे कर्नाटक. जीएसटीच्या पोर्टलवर तो क्रमांक कुणालाही तपासता येतो. मी तपासला जुलैमध्ये. रद्द झालेला निघाला.

प्लायचं तर आम्ही नीट विचारलं होतं, इतकं म्हणण्याचा हक्क मला आहे. इथला पाऊस, इथली दमट हवा, स्वयंपाकघरात पाणी. मी स्वतः सांगितलं की पाण्यात टिकणारं ७१० नंबरचं प्लायच पाहिजे. कोटेशनमध्ये लिहून घेतलं: 'बीडब्ल्यूपी मरीन प्लाय, आयएस ७१०'. त्याने वीतभर तुकडा दिला, छाप असलेला. "उकळून बघा," म्हणाला. ७१० ची कसोटी ७२ तास उकळण्याची असते. मी दुपारभर टोपात उकळला, गॅस जळला तो वेगळा. एक पापुद्रा सुटला नाही. नवरा म्हणाला, माणूस खरा आहे. तुकडा खरा होता. तुकड्याचं आम्हाला करायचं काय होतं?

पैसे असे गेले. बुकिंगला ५९,०००. डिझाइन पक्कं झाल्यावर २,३६,०००. शिंपल्यांची दारं 'कारागिराला आगाऊ द्यावे लागतात' म्हणून वरचे २८,५००. माल आल्यावर पुन्हा २,३६,०००, त्यातले एक लाख रोख, बाकी ट्रान्सफर. पैसे पाठवताना फोनवर समोरच्याचं नाव येतं ना? तिथे फर्मचं नाव नव्हतं, एका बाईचं बचत खातं होतं. "मिसेसचं आहे ताई, चालू खात्याला चार्जेस पडतात." मी ते पुढे कुणाला विचारलं नाही.

आता ज्या दिवसासाठी मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही, तो दिवस. एप्रिलचा शेवट होता, शाळेची परीक्षा आटोपलेली. कारागीर स्वयंपाकघरात दारं बसवत होते. बिजागरीच्या वाटीसाठी पस्तीस मिलिमीटरचं भोक पाडतात, ते एकामागून एक पाडत होते. मी चहा दिला आणि खाली पडलेला भुसा केरसुणीने गोळा करायला घेतला. रव्यासारखा होता. एकसारखा, फिकट, बोटांतून सरसर निसटणारा. प्लायला भोक पाडलं तर दोरे निघतात, पापुद्र्यांच्या चिंध्या निघतात. हे मला कुणी शिकवायची गरज नाही, मामांच्या रंध्याखालच्या सालपटांत खेळून मी मोठी झाले. केर काढून ओल्या फडक्याने लादी पुसली, फडकं बादलीत पिळलं, तर तळाशी लापशी. मी त्या बादलीकडे बघत उभी राहिले. विचारलं, "हे असं का?" कारागीर म्हणाला, "मॅडम, नया बिट है, बारीक आता है." मी म्हटलं, असेल. पाणी मोरीत ओतलं. आणि त्याच संध्याकाळी उरलेले १,३६,००० पाठवले!

दोन भोकं टॉर्च मारून बघितली असती तरी आत थर दिसायला हवे होते. प्रत्येक दाराच्या चारही कडा पट्टी चिकटवून बंद केलेल्या होत्या, फिनिशिंग किती सुंदर म्हणून मी कौतुक केलं. आत काय आहे ते दिसू नये म्हणून ते फिनिशिंग! तुम्ही काम करून घेणार असाल तर माल कापायच्या आधी आठ बाय चारच्या अख्ख्या शीट स्वतः बघा, शीटवरचा लायसन्स नंबर बीआयएस केअर ॲपवर टाका, आणि एक कड पट्टीशिवाय उघडी ठेवायला सांगा. नाही म्हणाला तर तिथेच थांबवा.

मे महिन्यात फॉल्स सीलिंग झालं, सांगाड्यासाठी चार भोकं पडली आणि माणूस फोन उचलेनासा झाला. 'सायटीवर आहे', 'आई आजारी आहे', 'शिंपल्यांचा माल अडकलाय'. मधल्या काळात वेताची जाळी लागली, ती प्लास्टिकची. आझुलेजो आल्या, त्या स्टिकर. माझ्या मुलाने नखाने कोपरा उचलून दाखवला. बल्कांव नाही, टीव्ही युनिट नाही, एका बेडरूमला कपाटाचा नुसता सांगाडा.

मे संपायच्या आतच पाऊस सुरू झाला आणि जुलैच्या मध्यावर सिंकखालचं दार बंद होईना. खालची कड भाकरीसारखी फुगलेली. उघडलं तर आत पांढरी बुरशी आणि ओल्या पोत्याचा वास. मामांना बोलावलं. त्यांनी फुगलेल्या जागी अंगठा दाबला, अंगठा आत गेला. "हें लांकूड न्हय गो बाय, हो भुसो." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "आदीं म्हाका कित्याक विचारलें ना?" काय सांगणार? मामा करतात ते जाड, जुन्या वळणाचं, तुमच्या थ्रीडीसारखं नाही, म्हणून विचारलं नाही. झालेल्या कामाची किंमत त्यांनी हिशेब करून दीड लाखाच्या आत सांगितली.

आता सरकारदरबारची कथा. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "थोडं काम झालंय ना?" झालंय. "मग फसवणूक कशी? हा सिव्हिल मॅटर." ७१० लिहून भुसा बसवणं सिव्हिल? नसलेल्या शिंपल्यांचे २८,५०० घेणं सिव्हिल? मग विचारलं, ऑफिस कुठे? बार्देशात. "मग तिकडे जा." तिकडे गेले तर, "फ्लॅट फोंड्याचा ना? मग तिकडचं." गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ मी मोबाईलवर काढून दाखवलं. हवालदार म्हणाले, "मोबाईलवर काय वाटेल ते येतं." आणि बाजूला बसलेल्याने विचारलं, "टीचर ना तुम्ही?" त्या प्रश्नाला कलम नाही. चौथ्या खेपेला तक्रार अर्ज घेतला. आवक शिक्क्याची प्रत मागितल्याशिवाय उठू नका, मी मागितली म्हणून आज तेवढा एक कागद हातात आहे.

बँकेत म्हणाले, तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही काय करणार. जीएसटीच्या बोगस क्रमांकाची तक्रार घेऊन गेले, तिथे बिल मागितलं. बिल कुठून आणू? आणखी एका काउंटरवर तर फोंडा उत्तर गोव्यात धरून मला परत पाठवलं. फोंडा २०१५ च्या जानेवारीत दक्षिणेत गेला, दहा वर्षं झाली, आणि हे खुर्चीवर बसलेल्या माणसाला मी सांगायचं! किरकोळ रजा संपल्या, आता अर्धपगारी टाकतेय.

शेवटी ग्राहक आयोग. हे मला कुणी सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते: २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, समोरच्याच्या ऑफिसमागे धावायला नको. मुदत दोन वर्षं. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, पाचच्या वर दहापर्यंत दोनशे रुपये. माझ्याकडे पुरावा आहे ४,५९,५०० चा. रोख दिलेला लाख हिशेबात धरता येत नाही, म्हणून माझे दोनशे रुपये वाचले.

नोटीस मात्र परत आली. 'स्टुडिओ' महिन्याच्या भाड्याचा होता, तिथे आता केक विकतात. राहत्या घराचा पत्ता करारात लिहून घ्या. करार नसेल तर बुकिंगचा रुपयासुद्धा नको. आणि हप्ते मालावर बांधू नका, बसवून झालेल्या कामावर बांधा. माझे नव्वद टक्के गेले तेव्हा काम निम्मंही नव्हतं.

२७ ऑगस्टला चवथ झाली. मामांनी हॉलमध्ये चार बांबू उभे करून मांडवासारखी माटोळी बांधली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, दीर बोलले.

ऑक्टोबरमध्ये मडगावच्या एका सहशिक्षिकेने फोटो पाठवला. तिच्या बहिणीला कुणीतरी इंटिरियरचं काम दाखवतोय, 'फोंड्याचा पूर्ण झालेला प्रोजेक्ट' म्हणून. तेच बल्कांव, तीच शिंपल्यांची दारं. तुम्हालाही कुणी टॅबवर छतातून उतरणारी माटोळी दाखवली, तर खालच्या समईकडे बघा. एक पाकळी वाकलेली असेल तर तो हॉल माझा आहे, आणि त्या छतात चार भोकांशिवाय काही नाही.