पोकरसाठी घेतलेला लॅपटॉप : बंदीच्या आधी आणि बंदीनंतर

आधीच सांगून टाकतो, भारतात पैसे लावून ऑनलाइन पोकर खेळणं आता बंद आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली आणि बघता बघता आपल्याकडच्या मोठ्या साइट्सनी पैशांची टेबलं उचलली. मी हा लॅपटॉप त्याच वर्षाच्या सुरुवातीला घेतला. त्यामुळे सुरुवातीचे महिने त्यावर रोज रात्री टेबलं चालली आणि त्यानंतर आजपर्यंत फक्त अभ्यास. खेळ एकच, पण ही दोन कामं लॅपटॉपकडून अगदी वेगवेगळ्या गोष्टी मागतात. खरेदीला निघालेल्यांना हे कोणी सांगत नाही, म्हणून हा पसारा.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे कुरकुर बरीच आहे आणि तेच मॉडेल आता दुकानात सापडेलच असंही नाही. आत काय आहे ते महत्त्वाचं : १६ इंची मॅट आयपीएस (एलसीडीचा एक प्रकार) पडदा, २५६० बाय १६००, एएमडीचा रायझेन ७ ७८४०एचएस, म्हणजे ८ कोर आणि १६ थ्रेड, १६ जीबी रॅम आणि एक स्लॉट रिकामा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. पुण्यात घेतला, लाखाच्या आत.

ग्राफिक्स कार्डावरून दुकानात चांगलीच जुंपली होती. ‘गेम खेळायचाय’ म्हटलं की दुकानदार आपोआप लाल-निळे दिवे लागणाऱ्या कपाटाकडे वळतो. त्याला म्हटलं, दादा, हिरवा गालिचा, नऊ खुर्च्या आणि मधे पाच पत्ते, एवढंच दाखवायचंय. त्याला काही पटलं नाही. पण खरंच, पोकरच्या टेबलाला प्रोसेसरमधलं आतलं ग्राफिक्सही जास्तच होतं. मी वापरतो ते सॉल्व्हरसुद्धा (डाव कसा खेळावा याचं उत्तर काढणारी सॉफ्टवेअर) सगळं गणित प्रोसेसर आणि रॅमवरच करतात, कार्डाला हात लावत नाहीत. ते पंधरा-वीस हजार वाचवून मी पडद्यावर आणि रॅमवर घातले. गेमिंग लॅपटॉपचा तो विटेएवढा चार्जर पाठीवर वागवायचा नसल्याचा आनंद तर वेगळाच.

पडद्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण खेळताना सगळा खेळ तिथेच आहे. चार टेबलं एकदम लावली की पडद्याचे चार तुकडे होतात. माझ्या जुन्या लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८, म्हणजे एकेका टेबलाच्या वाट्याला ६८३ बाय ३८४. एवढ्यात समोरच्याचा स्टॅक (पुढ्यातल्या चिप्स) १८०० आहे की १३०० हे डोळे बारीक करून वाचावं लागे आणि तोवर घड्याळ निम्मं सरलेलं. फुल एचडीवर हेच ९६० बाय ५४० होतं. चालतं, पण दाटीवाटीनं. या पडद्यावर एका टेबलाला १२८० बाय ८०० मिळतात. शिवाय १६:१० असल्यामुळे उंची जास्त, त्यामुळे खाली बेटची (पैसे लावायची) बटणं आणि वर समोरच्याचं नाव एकमेकांवर चढत नाहीत.

यात एक मेख आहे. एवढ्या दाट पडद्यावर विंडोज अक्षरं मोठी करून दाखवतं. माझ्याकडे येतानाच १५० टक्के लावलेलं होतं. त्या मापात चौथं टेबल मावत नव्हतं आणि एका साइटच्या जुनाट सॉफ्टवेअरमध्ये सगळे आकडे पुसट, पाण्यात भिजल्यासारखे दिसायचे. माप १२५ वर आणलं. मग त्या सॉफ्टवेअरच्या चिन्हावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, तिथे हाय डीपीआयचं बटण, आणि माप ठरवायचं काम विंडोजकडून काढून ॲप्लिकेशनकडे दिलं. आकडे लहान झाले, पण धारदार. दुकानात डेमो बघताना या गोष्टी कळत नाहीत.

रंगांचंही बघा. चार रंगांची पानं लावली की बदाम लाल, चौकट निळी, किलवर हिरवं आणि इस्पिक काळं दिसतं. घाईत बदामाचा फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं) समजून चौकटीवर कॉल मारण्याचा, म्हणजे समोरच्याइतकेच पैसे लावण्याचा प्रकार त्यानं थांबतो. पण ज्या स्वस्त पडद्यांवर रंग फिके पडतात तिथे गडद हिरवं किलवर आणि काळं इस्पिक रात्री अकरा वाजता सारखंच दिसायला लागतं. दुकानात ही दोन पानं शेजारी शेजारी ठेवून बघा, लोक हसले तर हसू द्या. ओएलईडी मी मुद्दाम टाळला. रंग देखणे असतात, वाद नाही; पण टेबलाची कड, बटणं, साइटचा लोगो तासन्‌तास एकाच जागी बसून राहतात आणि ओएलईडीवर अशा स्थिर चित्राचा डाग राहण्याची भीती असते. माझ्या आयपीएसवर इतक्या महिन्यांनंतरही काही नाही.

टचपॅडवर पोकर खेळू नका. एवढंच. साधा वायरचा माऊस, चाक घट्ट खटखट फिरणारं, कारण रेजची (वाढवून लावायची) रक्कम चाकानं वरखाली करायची असते आणि सैल चाक दोन घरं पुढे पळतं. कीबोर्डला उजवीकडे आकड्यांचा भाग आहे, रक्कम टाइप करायला सोयीचा. त्यापायी बाकीच्या कळा डावीकडे सरकल्यात आणि ऑफिसचं मराठी टायपिंग करताना माझे हात अजून चाचपडतात.

खेळण्याच्या काळातली सगळ्यात मोठी डोकेदुखी लॅपटॉपची नव्हतीच, ती ठिकाणाची. तेलंगणानं २०१७ मध्येच पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले होते, म्हणून साइट आधी तुम्ही कुठून बसलात ते तपासायची. फोनला जीपीएस असतं, लॅपटॉपला सहसा नसतं. तो आजूबाजूची वाय-फाय आणि इंटरनेटचा पत्ता बघून अंदाज बांधतो. माझं घर नांदेडचं. सुट्टीत गावी गेलो आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बसलो की इंटरनेटचा पत्ता निघायचा हैदराबादचा, आणि टेबल उघडायच्या आधीच निरोप यायचा की तुमच्या राज्यात हा खेळ उपलब्ध नाही. शेजारच्या खोलीत फोनवर तेच खातं बिनबोभाट चालायचं! घरच्या ब्रॉडबँडवर, विंडोजमधली लोकेशनची परवानगी चालू ठेवली की बहुतेक वेळा जमायचं. आता हा प्रश्न मिटला म्हणायचा, फार वाईट पद्धतीनं.

याच जोडीला : लॅनचं पोर्ट (इंटरनेटची वायर लावायची जागा) असलेला लॅपटॉप घ्या. पातळ मॉडेलमधून ते गायब झालंय आणि मग अडॅप्टर शोधत बसावं लागतं. राउटरला एक छोटा यूपीएस लावला होता, कारण वीज गेली तरी लॅपटॉप बॅटरीवर चालतो, मरतो तो राउटर, आणि टाइम बँक (चाल करायला मिळणारा जादा वेळ) काही महावितरणची वाट बघत नाही.

मग ऑगस्ट आला. कायद्यात शिक्षा आहे ती खेळवणाऱ्याला, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसतं खेळणाऱ्याला नाही. पण टेबलच नाही तर खेळणार कुठे? व्हीपीएन लावून परदेशी साइटवर जायचे सल्ले देणारे भेटले. मी त्या वाटेला गेलो नाही. तिथे पैसे अडकले तर दाद मागायला दार नाही. तसंही निव्वळ जिंकलेल्यावर ३० टक्के टीडीएस आणि ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पैशांवर २८ टक्के जीएसटी जात होता; लॅपटॉपची किंमत टेबलावरून वसूल होईल असलं गणित मी मांडलंच नव्हतं.

त्यानंतर लॅपटॉपची खरी परीक्षा सुरू झाली. पोकरची टेबलं त्याला घाम फोडत नव्हती, सॉल्व्हरनं फोडला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : सॉल्व्हरला दोघांच्या रेंज (हातात असू शकणाऱ्या जोड्या), फ्लॉप (मधली पहिली तीन पानं) आणि कुठल्या कुठल्या रकमेची बेट करता येईल ते सांगायचं, मग तो दोघांनाही एकमेकांविरुद्ध पुन्हा पुन्हा खेळवून प्रत्येक पानाला काय करावं ते काढतो. हातात येणारी दोन पत्त्यांची जोडी १३२६ प्रकारांनी येऊ शकते. फ्लॉपनंतर टर्नला (चौथ्या पानाला) ४९ पानं, रिव्हरला (पाचव्याला) ४८, म्हणजे एकाच फ्लॉपचे २३५२ पुढचे रस्ते. त्या प्रत्येक रस्त्यावर प्रत्येक जोडीसाठी प्रत्येक बेटचा हिशोब रॅममध्ये मांडून ठेवावा लागतो. म्हणून रॅम.

मी बहुतेक वेळा डेस्कटॉप पोस्टफ्लॉप नावाचा सॉल्व्हर वापरतो. फुकट आहे, त्याचा कोड खुला आहे. नवीन काम त्यावर थांबलंय, पण माझं अडत नाही. त्याची मला आवडलेली गोष्ट म्हणजे गणित सुरू करण्याआधीच तो किती रॅम लागेल ते सांगतो. प्रत्येक टप्प्यावर दोन मापांच्या बेट ठेवल्या तर माझे नेहमीचे प्रसंग १६ जीबीत आरामात बसायचे. तिसरं माप घातलं, वर डाँक बेटला (आधीच्या फेरीत नुसता कॉल करणाऱ्यानं पहिली बेट मारण्याला) परवानगी दिली, की आकडा वीसच्या पुढे उडी मारायचा. अचूकता थोडी कमी करून रॅम जवळपास निम्मी लागेल असाही पर्याय त्यात आहे आणि शिकण्यापुरता तो पुरतो. तरी मी रिकाम्या स्लॉटमध्ये आणखी १६ टाकली. नुसती जागाच वाढली नाही, दोन पट्ट्या झाल्यामुळे गणितही नजरेत भरण्याइतकं लवकर आटपायला लागलं. ही रॅम मी वेळेत घेतली म्हणायची. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे चढले की तीच पट्टी नंतर बघवेना.

इथेच कोणी म्हणेल, मग ६४ का नाही? हाव कुठे थांबवायची हा प्रश्न आहे. २०१९ मध्ये कार्नेगी मेलन आणि फेसबुकच्या लोकांनी प्लुरिबस नावाचा प्रोग्रॅम बनवला, सहा जणांच्या टेबलावर नावाजलेल्या खेळाडूंना हरवणारा. त्याला शिकवायला ६४ कोरचा सर्व्हर आठ दिवस चालवला, रॅम ५१२ जीबीच्या आत, आणि खेळताना १२८ जीबीच्या आत. ते वाचल्यावर ३२ वर मन शांत झालं. माझ्या खेळातली भोकं अजून फ्लॉपवरच्या साध्या सी-बेटची (आधी रेज करणाऱ्यानं फ्लॉपवरही लावायच्या बेटची) आहेत, ती १६ मध्येही दिसत होती.

आता आवाज. सॉल्व्हर चालू केला की सोळाही थ्रेड शंभर टक्क्यांवर जातात आणि अर्ध्या मिनिटात पंखे सुटतात. बायको दुसऱ्या खोलीतून विचारते, ‘मिक्सर लावलायस का?’ मांडीवर ठेवून चालवायचा तर प्रश्नच नाही, कीबोर्डच्या वरची पट्टी हात टेकवत नाही इतकी तापते. प्रोसेसर नव्वद अंशांच्या वर तापला की स्वतःच वेग कमी करतो, म्हणजे आवाजही सहन करा आणि पूर्ण वेगही नाही. यावर जुनाच उपाय लागू पडला : पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के. एका टक्क्यानं काय होणार असं वाटेल, पण त्यानं टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद पडतो. गणिताला थोडा जास्त वेळ लागतो, पंखे मात्र माणसात येतात. रात्री झोपताना लावून ठेवायचं असेल तर हेच. आणि विंडोजचे अपडेट त्या रात्रीपुरते पुढे ढकलून ठेवा.

बॅटरीचं कौतुक नाही. ब्राउझर आणि लेखन एवढंच असेल तर अर्धा दिवस निघतो. चार टेबलांवर पडद्याचा उजेड पूर्ण ठेवला की तीन तासांच्या आसपास. सॉल्व्हर बॅटरीवर लावूच नये. वेबकॅम टाकाऊ. स्पीकर ठीक. बिजागरीला आता बारीक आवाज येतो, त्यावर सर्व्हिस सेंटरवाल्यानं ‘होतं असं’ एवढंच निदान केलं.

हे सगळं वाचून लगेच महागडा प्रोसेसर शोधू नका, कारण दुसरी सोपी वाट आहे. जीटीओ विझार्डसारख्या सेवा उत्तरं स्वतःच्या सर्व्हरवर काढून ठेवतात आणि ब्राउझरमध्ये दाखवतात. महिन्याचे पैसे डॉलरमध्ये जातात, पण लॅपटॉप साधा चालतो, मॅकबुक असलं तरी बिघडत नाही. मॅकवाल्यांना उलटा त्रास घरच्या सॉल्व्हरचा असतो, पायोसॉल्व्हर आणि जीटीओ प्लस दोन्ही विंडोजसाठी बनलेत. माझा हिशोब असा की वर्गणी थांबली की उत्तरं थांबली. घरचं सॉल्व्हर माझं, फायली माझ्या.

हल्ली प्रत्यक्ष खेळ फक्त गोव्याला, पणजीत मांडवीवरच्या कॅसिनोंमध्ये. लॅपटॉप हॉटेलवर राहतो, टेबलावर फोनमध्ये दोन ओळी टिपायच्या : कोण कुठे बसला, किती रेज, फ्लॉप काय. परतीच्या बसमध्ये नाही, घरी आल्यावर शांतपणे ते डाव सॉल्व्हरमध्ये घालतो. गेल्या खेपेला राणीच्या जोडीवर टर्नला दिलेला चेक (पैसे न लावता चाल पुढे देणं) मला भ्याडपणा वाटत होता. सॉल्व्हरही तिथे निम्म्याहून जास्त वेळा चेकच करतो असं निघालं. पुढचं पान एक्का होतं हा भाग वेगळा.

नवा घेणार असाल तर दुकानातच एक गोष्ट करा. लॅपटॉप सुरू करायला लावा, टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. खाली स्लॉट किती आणि त्यातले किती वापरलेत ते लिहिलेलं असतं. ‘दोनपैकी एक’ दिसलं तर उत्तम. फॉर्म फॅक्टरसमोर ‘रो ऑफ चिप्स’ असं आलं तर रॅम बोर्डावर डकवलेली आहे, पुढे वाढायची नाही. अशा वेळी घेतानाच ३२ ची मागा, नाहीतर तो लॅपटॉप तिथेच ठेवा.