ग्राहकाला बाहेर काढण्याआधी: बार कर्मचाऱ्यांच्या एका प्रशिक्षणाचे परीक्षण

एखाद्याच्या पेयात त्याच्या नकळत गुंगीचे औषध मिसळले जाऊ नये आणि तसे घडल्यास कर्मचाऱ्यांनी काय करावे, याचे अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण आम्ही आमच्या बारटेंडर, वेटर आणि दारावरच्या सुरक्षारक्षकांना एकत्र बसवून दिले. प्रशिक्षण घेण्याजोगे आहे, पण त्याचा मोलाचा भाग आणि जाहिरातीत मिरवला जाणारा भाग एक नाहीत.

मोलाचा भाग असा. बारमध्ये काम करणाऱ्याची नजर एकाच गोष्टीला सरावलेली असते: ज्याचा तोल जात आहे त्याला आणखी दारू द्यायची नाही आणि गोंधळ होण्याआधी त्याला बाहेर काढायचे. गुंगीचे औषध पोटात गेलेली व्यक्तीही अगदी तशीच दिसते. जीभ जड होते, पाय लटपटतात, बोलणे असंबद्ध होते. तिला दारूडी समजून रस्त्यावर सोडणे म्हणजे, ज्याने औषध मिसळले त्याचेच काम सोपे करणे. प्रशिक्षकांनी यावरचा उपाय बारच्याच हिशेबात दाखवला: त्या टेबलावर किती वेळात काय गेले हे बिल सांगते, आणि एक-दीड पेयानंतर कोणी अचानक कोसळत असेल तर तो प्रश्न नशेचा नसून वैद्यकीय मदतीचा आहे. जीएचबी या गुंगी आणणाऱ्या औषधासारख्या द्रव्याचा परिणाम साधारण १५ ते ३० मिनिटांत दिसू लागतो, त्यामुळे हा हिशेब तिथल्या तिथे करता आला पाहिजे.

प्रात्यक्षिकेही चांगली होती. शुद्ध हरपत असलेल्या व्यक्तीला एकटे न सोडणे, कुशीवर वळवून श्वासावर लक्ष ठेवणे, उलटी करायला न लावणे, लगेच रुग्णवाहिका बोलावणे हे सर्वांकडून करून घेतले. सर्वांत अवघड प्रसंग होता ‘मी तिचा मित्र आहे, घरी सोडतो’ म्हणणाऱ्या माणसाचा. त्याला न दुखावता, पण तिला त्याच्या हवाली न करता वेळ कसा काढायचा, हे आमच्या जुन्याजाणत्या वेटरांनाही पहिल्या खेपेस जमले नाही.

पुराव्याबद्दलचा भाग थोडक्यात, पण नेमका झाला. जीएचबी रक्तात जेमतेम काही तास आणि लघवीत साधारण १२ तासच सापडते, म्हणून तपासणीचा नमुना लवकर दिला जाणे महत्त्वाचे असते. इकडे बारमध्ये मात्र रिकामा दिसलेला ग्लास क्षणात धुवायला जातो. तो बाजूला काढून झाकणे, त्यावर वेळ लिहिणे आणि कॅमेऱ्याचे चित्रण पुसले जाण्याआधी जपून ठेवणे, ही शिस्त आम्ही लगेच लावली.

आता आक्षेप. ग्लासवरची झाकणे आणि चाचणीच्या पट्ट्या यांवर अकारण बराच वेळ गेला. पट्टी मोजकीच द्रव्ये ओळखते. ती कोरी राहिली म्हणून पेय सुरक्षित ठरत नाही, हे एका वाक्यात सांगता आले असते. रोहिप्नॉल या गुंगीच्या गोळीच्या उत्पादकाने तिच्यात निळा रंग घातला आहे, ही माहिती रंजक खरी, पण गडद रंगाच्या पेयात आणि बारच्या मंद उजेडात तिचा उपयोग किती? याउलट, नकळत मिसळली जाणारी सर्वांत सामान्य गोष्ट म्हणजे दारूच, हे केवळ ओझरते आले. खरे तर मित्राची गंमत म्हणून त्याच्या ग्लासात दुप्पट दारू घालायला सांगणाऱ्या ग्राहकाला नकार देणे हे पूर्णपणे बारटेंडरच्या हातात असते. काउंटरच्या आतल्याच माणसावर संशय आला तर सहकाऱ्याने कोणाकडे जावे, याविषयी तर अवाक्षरही नव्हते. आमच्याच एका मुलीने प्रश्न विचारला तेव्हा ‘व्यवस्थापकाला सांगा’ एवढेच उत्तर मिळाले. व्यवस्थापकच तो माणूस असेल तर?

शिवाय या व्यवसायात माणसे सतत बदलतात. नव्याने येणाऱ्यांसाठी छोटे उजळणी सत्र मागितले असता तशी सोय नसल्याचे कळले. प्रमाणपत्रे मात्र सर्वांची वेळेवर आली. ज्यांना हे प्रशिक्षण घ्यायचे आहे त्यांनी पट्ट्यांचा भाग कमी करून प्रात्यक्षिकांचा वेळ वाढवण्याची अट आधीच घालावी, आणि सुरक्षारक्षकांना वगळून ते मुळीच घेऊ नये, कारण एखाद्याला बाहेर काढण्याचा निर्णय बहुतेक वेळा दारावरच होतो.