आल्डुइन आणि आकाटॉश: एकच देव की बाप-लेक?

'एल्डर स्क्रोल्स' मालिकेतला स्कायरिम हा व्हिडिओ गेम पुन्हा सुरू करताना या वेळी लोर, म्हणजे त्या जगाचा इतिहास आणि पुराणं, नीट धरून खेळायचं ठरवलं असेल, तर हा प्रश्न लवकरच आडवा येतो. गेममध्ये ज्याला मारायचं तो जग गिळणारा ड्रॅगन आल्डुइन म्हणजेच काळाचा ड्रॅगन-देव आकाटॉश, की तो आकाटॉशचा थोरला मुलगा? मी दोन्ही बाजू मानून गेम पूर्ण केलाय, म्हणून हे लिहितोय.

जुन्या पुराव्यांत 'एकच' थिअरीचं पारडं जड आहे. मालिकेतल्याच मोरोविंड या आधीच्या गेममध्ये (२००२) साम्राज्यातल्या पंथांवर एक पुस्तक मिळतं. त्यात आल्डुइन हे आकाटॉशचंच नॉर्ड (म्हणजे स्कायरिम प्रांतातल्या माणसांमधलं) रूप म्हटलंय, फक्त दोघांतलं साम्य वरवरचं आहे अशी पुस्तीही जोडलीय. एल्फांचा देव ऑरिएलही तोच. कल्पना देखणी आहे: काळाचा ड्रॅगन एकच, एल्फांनी त्याचा आरंभ पाहिला, नॉर्डांनी शेवट. आपल्याला तर हे पटकन पटतं. नरहरी सोनार डोळ्यांवर पट्टी बांधून विठ्ठलाच्या कमरेचं माप घेतात तेव्हा हाताला शंकर लागतो आणि पट्टी काढली की समोर विठ्ठल, ही गोष्ट लहानपणापासून कानावर असते. मी बरेच दिवस याच बाजूचा होतो.

'बाप-लेक' थिअरी त्या मानाने साधी. स्कायरिममध्ये (२०११) थ्रोट ऑफ द वर्ल्ड या डोंगरावर मार खाल्लेला आल्डुइन स्वतःच 'मी आकाटॉशचा पहिला पुत्र' असं गरजतो. पण ती मानली की जग गिळणारा काळपुरुष बराच लहान होतो, बापाने नेमून दिलेलं काम सोडून राज्य करत बसलेला मुलगा उरतो. हे नुकसान मला आजही जाणवतं.

माझा निर्णय झाला तो एका देवळात. सॉव्हनगार्डमध्ये, म्हणजे नॉर्डांच्या मरणोत्तर लोकात, आल्डुइनला मारून परतलो आणि सॉलिट्यूड शहरातल्या देवळात आकाटॉशच्या वेदीला हात लावला. आशीर्वाद मिळाला, नेहमीचाच: मॅजिका (जादूची शक्ती) १० टक्के लवकर भरणार. वेदी तशीच, देव तसाच. मग मी मारलं कुणाला? ड्रॅगनबॉर्नला, म्हणजे खेळाडूच्या पात्राला, ड्रॅगनचा आत्मा देणारा आकाटॉशच, म्हणजे त्याने स्वतःलाच मारायला माणूस तयार केला?

'एकच'वाल्यांकडे याचं उत्तर असतं: ड्रॅगन ब्रेक. काळच मोडला की परस्परविरोधी गोष्टी एकदम खऱ्या होतात. मालिकेतल्या डॅगरफॉल या गेमचे (१९९६) वेगवेगळे शेवट सगळेच खरे ठरवायला ही कल्पना वापरली गेली आणि तिथे ती सुरेख बसली. पण इथे ज्या ज्या अडचणीवर बोट ठेवावं, तिथे हेच उत्तर येतं. एका मित्राशी यावर रात्रभर बोललो. वेदीचं विचारलं, ड्रॅगन ब्रेक. त्या आत्म्याचं विचारलं, ड्रॅगन ब्रेक. कुठल्याच प्रश्नावर हरू न शकणाऱ्या थिअरीशी मला पुढे बोलताच येईना. इतरांना कदाचित हा दोष वाटणार नाही, मला मात्र तो सहन झाला नाही.

एक बारीक गोष्ट आणखी. स्कायरिमच्या डॉनगार्ड या पुरवणीत स्नो एल्फ गेलेबोर आपल्या देवाची नावं सांगतो: ऑरिएल, ऑरी-एल, अल्कोश, आकाटॉश. आल्डुइन त्यात नाही. म्हणजे ऑरिएल आणि आकाटॉश एकच, हे मी आजही मानतो. माझी हरकत फक्त आल्डुइनला त्या माळेत ओवण्याला आहे. गेलेबोरला नॉर्डांच्या श्रद्धांशी काय देणंघेणं, असं कुणी म्हणेल आणि तेही बरोबर असू शकतं. पण स्कायरिममध्येच एका कट्टर नॉर्डने लिहिलेला मजकूर सापडतो आणि तोही ठणकावून सांगतो की आल्डुइन खरा आहे, पण तो आकाटॉश नाही.

साम्राज्यात वाढलेला, पुस्तकं वाचणारा पुजारी घेऊन खेळणार असाल तर 'एकच' जरूर घ्या, त्या पात्राच्या तोंडी ती शोभते. बाकी कुणासाठीही ठरवण्याआधी मुख्य क्वेस्ट संपवून पार्थुरनॅक्स या म्हाताऱ्या ड्रॅगनपाशी थांबा. सगळे सुटल्याच्या आनंदात असतात, तो नसतो. आल्डुइनच्या मरणाचा आनंद मला करता येत नाही, म्हणतो, एकेकाळी तो माझा भाऊ होता.