स्क्विड, एन्जिनएक्स की वार्निश: कॅश का होत नाही हे पटकन कोण सांगतं?

स्क्विड, एन्जिनएक्स आणि वार्निश हे तिघं प्रॉक्सी, म्हणजे ब्राउझर आणि वेबसाइटच्या मध्ये बसणारे प्रोग्राम; पेजची प्रत स्वतःकडे साठवून (कॅश करून) पुढच्या वेळी तीच देतात. प्रॉक्सीत कॅशचा नियम लिहिणं अवघड नाहीच, डोकं फिरतं ते नियम लिहूनही पेज कॅश होत नाही तेव्हा, किंवा त्याहून वाईट म्हणजे जे व्हायला नको नेमकं तेच कॅश होऊन बसतं तेव्हा. त्यामुळे तिघांतलं एक निवडायचं असेल तर स्पीडच्या तुलना जरा बाजूला ठेवा आणि गडबड झाल्यावर कारण कोण पटकन दाखवतं ते बघा.

स्क्विडचं आधी उरकतो. ऑफिसातून किंवा कॉलेजच्या लॅबमधून बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकवर कंट्रोल आणि लॉग हवा असेल तर स्क्विड चांगलाच आहे. रिफ्रेश पॅटर्नच्या (काय किती वेळ साठवायचं ते सांगणाऱ्या) ओळी तो वरून खाली वाचतो आणि पहिली जुळली की थांबतो, म्हणजे सगळ्यांना लागू होणारी टिंबवाली ओळ वर राहिली तर खाली लिहिलेलं सगळं फुकट. आणि तिथले आकडे मिनिटांत असतात हं, एक तास म्हणून ३६०० लिहिलंत तर अडीच दिवस झाले. पण बँडविड्थ वाचवायला घेत असाल तर घेऊ नका, कारण आता जवळपास सगळं एचटीटीपीएसवर चालतं, ते स्क्विडमधून बंद पाइपसारखं नुसतं पास होतं आणि आतलं काही दिसतच नाही तर कॅश काय करणार. एसएसएल बंप (तो पाइप मध्येच उघडून बघणं) करता येतं, पण मग प्रत्येक मशीनवर आपलं सर्टिफिकेट टाकत बसा.

स्वतःच्या साइटपुढे ठेवायचं असेल तर खरी निवड उरलेल्या दोघांत आहे, आणि दोघांतही बहुतेक वेळा घोळ कुकीचाच असतो. समजा पीएचपीची साइट आहे आणि ती प्रत्येक पेजला सेशन सुरू करते, म्हणजे कुकीशिवाय आलेल्या प्रत्येकाच्या उत्तरात सेट-कुकी (ब्राउझरला कुकी ठेवायला सांगणारा हेडर). एन्जिनएक्स असं उत्तर साठवतच नाही. अपस्ट्रीम कॅश स्टेटस हेडरमध्ये दाखवायची एक ओळ टाकलीत की अशा वेळी मिस (कॅशमध्ये सापडलं नाही) दिसेल, पण का मिस ते तो सांगत नाही, ते तुम्हालाच बॅकएंडचे (मागच्या मूळ सर्व्हरचे) हेडर वाचून शोधायचं. बॅकएंडने कॅश-कंट्रोलमध्ये नो-कॅश पाठवलं असेल तर प्रॉक्सी कॅश व्हॅलिडमध्ये (साठवायची मुदत देणाऱ्या ओळीत) तुम्ही काहीही लिहा, बॅकएंडचंच चालतं. अजून एक, इनअ‍ॅक्टिव्ह डिफॉल्ट १० मिनिटं असतो, तेवढ्या वेळात कोणी मागितलं नाही तर एक दिवसाची मुदत दिलेली फाइलसुद्धा उडते, आणि लोक बिचारे व्हॅलिडची ओळ तपासत बसतात.

वार्निश इथे दोन पावलं पुढे आहे. सेट-कुकी तर तो टाळतोच, पण ब्राउझरकडून नुसती कुकी आली तरी डिफॉल्टमध्ये सरळ पास करतो (कॅश न बघता बॅकएंडकडे पाठवतो), अगदी गुगल अ‍ॅनालिटिक्सची असली तरी, म्हणून नवीन माणसाला वाटतं की हा काही कॅशच करत नाही. पण वार्निशलॉग लावून त्या यूआरएलची रिक्वेस्ट बघा, कुठल्या पायरीवर पास झाली, टीटीएल (साठवायची मुदत) किती लागला, कुठला हेडर कुठे काढला, सगळं ओळीने समोर येतं. इतकं उघड दुसरं कोणी दाखवत नाही. वर बॅन वापरून पॅटर्नने जुनं सगळं एका झटक्यात बाद करता येतं, एन्जिनएक्समध्ये पर्जची (कॅशमधलं काढून टाकायची) तयार सोय एन्जिनएक्स प्लस या पैसेवाल्या आवृत्तीत आहे. बदल्यात व्हीसीएल, म्हणजे वार्निशची नियम लिहायची भाषा, शिकावी लागते, रीस्टार्ट केलं की मेमरीतलं सगळं जातं, आणि टीएलएससाठी (एचटीटीपीएसच्या एन्क्रिप्शनसाठी) बहुतेक ठिकाणी पुढे हिच नावाचा प्रॉक्सी किंवा एन्जिनएक्स उभं करावं लागतं, म्हणजे सांभाळायला अजून एक.

माझं मत विचाराल तर एकट्याने एक-दोन साइट बघत असाल आणि एन्जिनएक्स आधीच लावलेला असेल तर तिथेच राहा. बातम्यांसारखी साइट असेल, सतत काहीतरी अपडेट होत असेल आणि जुनं लगेच काढावं लागत असेल तर वार्निश शिकायची मेहनत वसूल होते.

एन्जिनएक्स घेतलात तर एक मात्र नक्की सांभाळा. मिस येऊ नये म्हणून लोक सेट-कुकी इग्नोर करायची ओळ टाकतात आणि तो हेडर हाइड करायचं राहून जातं, मग एकाची सेशन कुकी कॅशमधून सगळ्यांना वाटली जाते आणि कोणाच्या ब्राउझरमध्ये कोणाचं अकाउंट उघडतं याचा पत्ता नाही. त्या दोन ओळी कायम जोडीनेच टाका, लॉगिन आणि कार्टची पेजं कॅशमधून पूर्ण वगळा, आणि लाइव्ह करायच्या आधी दोन ब्राउझरमध्ये दोन वेगळे लॉगिन करून एकच पेज उघडून बघा.